उजवीकडून उजेड

माइकन : आमची दिग्ना बेगीनांच्या, त्या व्रतस्थ बायकांच्या, वस्तीत राहायला गेली ते साल बावन्न. त्या वर्षीच्या संत लूकच्या सणानंतर तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत, भावजी. आज सोळाशे त्रेसष्टचा संत मार्टिनचा दिवस. मोजा.

रोम्बाउट : मोजलीत. अकरा.

माइकन : मग अकरा वर्षांनी आलात ते दारातच उभं राहायला? आत या. बूट पुसा आधी, अख्ख्या अँटवर्पचा चिखल घेऊन आलात.

रोम्बाउट : तुमचा निरोप आला म्हणून आलो, वहिनी. गोमार फार आजारी आहे असं कळलं. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्यापासून तिचा धर्मबाप आहे मी. भेटतो आणि निघतो.

माइकन : धर्मबाप! अकरा वर्षांत त्या मुलीची कधी...

रोम्बाउट : दिग्नाला मी दर ईस्टरला भेटतो. तिनं सांगितलं नसेल.

माइकन : सांगितलंय. म्हणून तर दार उघडलं.

गोमार : माइकन! कोण आहे? मासेवाली असेल तर हेरिंग नको म्हणावं. कालच्यानं पोट धरलंय.

माइकन : मासेवाली नाही. तुझा रोम्बाउट आलाय.

गोमार : माझा? माझा कधीपासून झाला? बरं, आण त्याला आत. ये रे. बस. त्या खुर्चीवर नको, तिथं सफरचंदं आहेत.

रोम्बाउट : आजाऱ्याच्या खोलीत सफरचंदं कशाला?

माइकन : चित्रातली उरलेली आहेत. भावजी, या घरात ताजं फळ मी लग्नाच्या दिवशी खाल्लं, तेवढंच. त्यानंतर जे तोंडात गेलं ते यानं काढून झाल्यावर. एका अंगानं मऊ पडलेलं पीच, सुरकुतलेली द्राक्षं, उघडून आठ दिवस झालेलं डाळिंब.

गोमार : मेडलर तर वेळेवर खायचीस.

माइकन : मेडलर सडल्याशिवाय गोड लागतच नाही, म्हणून. देवानं तेवढं एक फळ चित्रकाराच्या बायकोसाठी केलंय.

रोम्बाउट : वहिनी काही बदलल्या नाहीत.

गोमार : तू बदललास. पोट सुटलं. हातमोजे काढ की. शेगडी पेटलेली आहे, थंडी कुठंय इथं?

रोम्बाउट : असू देत.

गोमार : असू देत तर असू देत. माझे पाय बघ.

रोम्बाउट : सुजलेत.

गोमार : भोपळे झालेत भोपळे. जन्मभर चेरी आणि द्राक्षं काढली, आणि अंगाला लागले भोपळे. वैद्य म्हणतो पाणी आहे, वर चढतंय. छातीपर्यंत आलं की झालं. तो म्हणतो मी नाताळ बघेन. माइकन म्हणते ईस्टरही बघेन. दोघांनाही वैद्यकी येत नाही.

रोम्बाउट : वाईट वाटलं, गोमार. खरंच. मी प्रार्थना करेन.

गोमार : प्रार्थना दिग्ना करतेच आहे, तिचा तो धंदाच आहे. तुला दुसरं काम सांगायला बोलावलंय. ती भिंतीकडे तोंड केलेली चित्राची फळी दिसली का? फळांची माळ आहे. चेरीपासून मेडलरपर्यंत, सगळा उन्हाळा आणि सगळा शरद ऋतू आहे तिच्यात. मधली जागा मोकळी आहे. तू भर.

रोम्बाउट : नाही.

गोमार : अरे, पुरतं ऐक तरी.

रोम्बाउट : ऐकलं. नाही. या गावात आकृत्या काढणारे चाळीस जण आहेत. कोणालाही बोलाव, उद्या येईल.

गोमार : त्यांच्या मेरीमाता मला नकोत. एकाची माता दाढ दुखत असल्यासारखी बघते. दुसऱ्याचं बाळ म्हणजे भिजवलेल्या कणकेचा गोळा, नुसता भाजायचा राहिलेला. आपण दोघांनी मिळून किती फळ्या केल्या रे?

रोम्बाउट : सदतीस.

गोमार : बघ, आकडा पाठ आहे. सदतीस माळा मी काढल्या. दर वेळी मध्ये अंड्याच्या आकाराची जागा सोडून फळी तुझ्या घरी पाठवली, आणि तू तिच्यात माता आणि बाळ बसवलंस. कुठं शिवण दिसली का? लोक विचारायचे, फळं कोणाची आणि माणसं कोणाची. कळायचं नाही त्यांना.

रोम्बाउट : छत्तीस फळ्यांत दिसली नाही.

गोमार : हं.

रोम्बाउट : सदतिसावीत दिसली. आणि ती कोणी दाखवली? संत लूकच्या जेवणात, सगळी चित्रकार मंडळी बसलेली, तू हातात बियरचा मग घेऊन उठलास आणि म्हणालास, "आमच्या रोम्बाउटच्या मातेला एक सूर्य पुरत नाही, तिच्यासाठी दुसरा मागवावा लागतो." किती हसले सगळे. मंडळाचा प्रमुख तर टेबलावर डोकं ठेवून हसला.

गोमार : आठवतंय मला.

रोम्बाउट : तुला आठवतंय. मला तर विसरूच देत नाहीत. दोन सूर्यांचा रोम्बाउट. बंदरावरच्या हमालांनाही माहीत आहे. दोन पाद्र्यांनी दिलेलं काम परत घेतलं. आणि तू म्हणतोस, ये आणि मधली जागा भर.

माइकन : भावजी, त्या दिवशी याचंही काळीज जळत होतं, तेही बघा. ती फळी दिग्नाबरोबर जायची होती. एकुलती मुलगी वस्तीत चालली, रिकाम्या हातानं कशी पाठवायची? त्यांच्या प्रार्थनाघरासाठी बापानं माळ काढली, धर्मबापानं माता काढली. आणि तिथल्या थोरल्या बाईंनी फळी उजेडात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि गोड आवाजात विचारलं, "द्राक्षं सकाळची आहेत आणि आई संध्याकाळची आहे, असं का बरं?"

गोमार : फळांवर उजेड डावीकडून, मातेच्या गालावर उजवीकडून. लिंबाची सावली एकीकडे, तिच्या नाकाची दुसरीकडे. थोरल्या बाईंना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी दिसलं. चार दिवसांनी फळी घरी परत आली. दिग्ना रडली. मी नाही रडलो, मी जेवणाला गेलो आणि बोललो.

रोम्बाउट : बोललास ना. मग ते बोलणं घेऊन बस. येतो मी, वहिनी.

गोमार : माइकन, फळी फिरव.

रोम्बाउट : फिरवू नका. मी बघणार नाही.

माइकन : नका बघू. डोळे मिटून घ्या. मी आपली धूळ पुसायला फिरवते.

(माइकन भिंतीकडची फळी फिरवते. रोम्बाउट दाराकडून परत वळतो.)

रोम्बाउट : लिंबाची सावली डावीकडे पडलीय.

गोमार : हो.

रोम्बाउट : द्राक्षांवरचे उजेडाचे ठिपके उजवीकडे आहेत. पीचची लवसुद्धा उजव्या कडेला चमकतेय.

गोमार : हो.

रोम्बाउट : तुझी खिडकी डाव्या हाताला असते. मी या घरात यायला लागलो तेव्हापासून टेबल तिथंच आहे.

गोमार : होतं. हलवलं.

रोम्बाउट : उजव्या हातानं रंगवणारा माणूस खिडकी उजवीकडे घेत नाही, गोमार. स्वतःच्याच हाताची सावली कुंचल्याच्या टोकावर पडते. काय काढतोय ते दिसत नाही.

गोमार : नाहीच दिसत. पहिल्या चेरी बाजारात आल्या तेव्हापासून दिसत नाहीये. एक चेरी काढायला दोन दिवस लागले. त्या अंजिराच्या चिरेत मी कुंचला टेकवायचो आणि हात उचलून बघायचो, लागला कुठं? अंगठ्याएवढी वस्तू, आणि वर माझ्या पंजाचा ढग. अंजीर सडलं, दुसरं आणलं, तेही सडलं. रोज तुला शिव्या घातल्यात, विचार हिला.

माइकन : मी कानात कापूस घालायची. तुमच्या आईलाही सोडलं नाही यानं, भावजी.

रोम्बाउट : कोणी सांगितलं तुला?

गोमार : काय?

रोम्बाउट : कोणी सांगितलं?

माइकन : मी. दोन वर्षांपूर्वी तुमची बायको कॅथलिना गेली, तेव्हा आम्ही देवळात मागं उभे होतो. हा खांबाआड लपला होता, मी नव्हते लपले. तुम्ही शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडलंत ते डाव्या हातानं. मूठभर माती टाकलीत तीही डाव्या हातानं. बाकी कोणी बघितलं नाही. दुःखात माणूस कुठला हात पुढं करतो याकडे कोण बघतं? पण मी जन्मभर सावल्या कुठं पडतात हेच ऐकत आलेय. घरी आले आणि याला म्हटलं, रोम्बाउट डावखुरा झालाय.

गोमार : मी म्हटलं, वेडी आहेस. मग रात्रभर पाठीवर पडून होतो. डाव्या हातानं रंगवायचं तर खिडकी उजवीकडे घ्यावी लागते. नाहीतर त्याच्याही हाताची सावली पडेल. म्हणजे समोर बसवलेल्या बाईवर उजेड उजवीकडून. म्हणजे सगळंच आलं ध्यानात.

रोम्बाउट : म्हणून दया केलीस. बिचारा थोटा रोम्बाउट, त्याला सोपं जाईल अशी माळ काढून ठेवू.

गोमार : दया? लेका, दया करायची असती तर सूप पाठवलं असतं. दयेपोटी कोणी सहा महिने आंधळ्यासारखं चाचपडत अंजीर काढतं?

रोम्बाउट : मला काय माहीत तू काय करतोस. तू मला कधी विचारलंस?

गोमार : मला माहीत नव्हतं रे तेव्हा.

रोम्बाउट : माहीत नव्हतं म्हणून तर विचारायचं होतं! चार गल्ल्या सोडून घर आहे माझं. यायचं होतं, दार वाजवायचं होतं, म्हणायचं होतं, रोम्बाउट, हा उजेड असा कसा पडला? एवढंच. सतरा वर्षं एका फळीवर काम केलं आपण. मी इतका गाढव आहे का, की मला सूर्य कळत नाही? तुला एकदाही वाटलं नाही की काहीतरी झालं असेल?

माइकन : हात दाखवा, भावजी.

रोम्बाउट : काय बघायचंय त्यात.

माइकन : दाखवा. या घरात सडलेलं सगळं बघितलंय मी.

रोम्बाउट : हे घ्या. एकावन्नच्या थंडीत धान्याच्या धक्क्यावर बर्फावरून घसरलो. मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्यानं वाकडं बसवलं. ही तीन बोटं मिटत नाहीत, आणि हा अंगठा काय धरतोय ते त्याचं त्यालाच कळत नाही. कॅथलिनाशिवाय कोणाला सांगितलं नाही. आकृत्या काढणाऱ्याचा हात गेला हे कळल्यावर काम कोण देईल? हिवाळाभर डाव्या हातानं कान काढले, नाकं काढली, नवशिक्या पोरासारखी. आणि तेवढ्यात तुझी फळी आली. दिग्नासाठी. नाही म्हणता येईना.

गोमार : तरी उजेड फिरवायचास की. समोर बाई कशीही बसू दे, मनात सूर्य इकडचा तिकडे करायचा. तू झोपेतसुद्धा करायचास ते.

रोम्बाउट : तो उजवा हात करायचा. डावा हात नवा होता, गोमार. समोर दिसेल तेवढंच त्याला काढता येत होतं. मनातलं काढायला हात जुना लागतो. मला दिसत होतं, उजेड चुकतोय. रोज दिसत होतं. पण मातेचा चेहरा एकदा कसाबसा जमला होता. तो पुसून पुन्हा जमला नसता. वाटलं, कदाचित कोणाच्या ध्यानात येणार नाही. आणि त्या संत लूकच्या जेवणाला मी तुला हेच सांगायला आलो होतो. जेवण झालं की बाहेर नेऊन सांगणार होतो. त्याआधी तू बियरचा मग घेऊन उठलास.

माइकन : देवा.

गोमार : यायला हवं होतं मी.

रोम्बाउट : काय?

गोमार : तुझ्या घरी. दार वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं. चुकलं माझं. आणखी काय बोलू, मला दम लागतोय.

माइकन : बोलू नकोस. उशी वर घे. भावजी, ते पाणी द्या इकडे.

रोम्बाउट : हं, धरा. सावकाश पी. ठसका लागेल.

गोमार : आता काय बघतोयस फळीकडे?

रोम्बाउट : काही नाही.

गोमार : काही नाही म्हणतोस आणि नाक टेकवलंयस. रंग ओला नाही, पण तुझं नाक ओलं आहे.

रोम्बाउट : हे आलुबुखार.

गोमार : कुठलं?

रोम्बाउट : डाळिंबाच्या खाली, पानाआड अर्धं लपलेलं. त्याच्यावर उजेड डावीकडून आहे.

गोमार : शक्यच नाही.

रोम्बाउट : ठिपका डावीकडे, सावली उजवीकडे. बघ.

गोमार : आण जवळ. आणखी जवळ. माइकन, मेणबत्ती धर. ...अरे तिच्या. सवयीनं गेला हात! ऑगस्टमध्ये ताप होता मला, त्या आठवड्यात काढलं असेल ते.

माइकन : म्हणजे आता तुझ्या माळेतही दोन सूर्य झाले.

गोमार : तू गप्प बस. रोम्बाउट, हसतोस काय? एवढी बावन्न फळं उजवीकडून काढली आणि याला एकच दिसलं.

रोम्बाउट : बाकीची बरोबर आहेत म्हणून एकच दिसलं. संत लूकच्या जेवणात मीही सांगेन आता.

गोमार : सांग. बियरचा मग उचलून सांग. टेबलावर उभा राहून सांग, माझी काही हरकत नाही.

रोम्बाउट : मी दुरुस्त करू का? एका ठिपक्याचं काम आहे.

गोमार : माझ्या फळाला कुंचला लावलास तर हे भोपळे घेऊन उठेन मी. राहू दे तसंच.

रोम्बाउट : बरं, नाही लावत. फळी इथंच ठेवा, वहिनी. थंडीत न्यायला नको, रंगाला चिरा पडतील. मी इथं येत जाईन. टेबल आहे तिथंच असू दे, खिडकी उजव्या हाताला. दहाला उजेड येतो, तीनला जातो. सोमवारपासून.

माइकन : जेवायला काय करू?

रोम्बाउट : याच्या चित्रातलं सोडून काहीही.

* * *

गोमार : आज कितवा दिवस?

रोम्बाउट : मोजले नाहीत. नाताळ झाला, तीन राजांचा सणही झाला. चेहरा आज संपेल. बाळाचे पाय सुकायचे आहेत अजून. रंगातलं जवसाचं तेल या दमटीत आठवडाभर ओलंच राहतं.

गोमार : तुझा डावा हात उजव्यापेक्षा हळू चालतो.

रोम्बाउट : चालतो.

गोमार : पण बरा चालतो. उजवा फार नटवा होता. प्रत्येक मातेच्या ओठाला एक नको तो लाल ठिपका द्यायचा. हा देत नाही.

रोम्बाउट : याला जमतच नाही तो.

गोमार : न जमू दे. बघ, ही बाई खरी वाटते. नुकती बाळाला पाजून बसल्यासारखी. कोण आहे ही?

रोम्बाउट : कोणी नाही. बाजारात अंडी विकते, खालच्या पुलापाशी.

माइकन : ती? तोंडाची किती फटकळ आहे ती!

रोम्बाउट : चित्रात बोलत नाही, वहिनी.

गोमार : बाळाचा हात कुठं चाललाय?

रोम्बाउट : कुठं म्हणजे?

गोमार : मी दिवसभर पडून हेच बघतो, मला फसवू नकोस. मधल्या जागेला मी दगडी कड काढलीय. सदतीस फळ्या तुझी माणसं त्या कडेच्या आत राहिली. याचा हात कडेवर आलाय. परवा कोपरापर्यंतच होता, आज मनगट कडेवर आहे.

रोम्बाउट : त्याला चेरी हवी आहे.

गोमार : हवी असेल. माझी आहे ती.

रोम्बाउट : बाळ आहे रे, हात पुढं करणारच. तुझ्या चेरी इतक्या जवळ लटकवल्या आहेस, मी काय करू? मी नुसती बोटं कडेबाहेर काढली आहेत. चेरीला टेकवलेली नाहीत. एका नखाइतकी फट ठेवलीय.

गोमार : फट कशाला ठेवलीस? वेडंवाकडं दिसतंय. हवेत काहीतरी चाचपतंय ते पोर, माझ्यासारखं.

रोम्बाउट : टेकवली तर बोटाची सावली चेरीवर पडेल. म्हणजे तुझ्या फळावर मला रंग लावावा लागेल. तू म्हणाला होतास, भोपळे घेऊन उठेन.

गोमार : मी लावतो सावली. कुंचला दे.

माइकन : गोमार, कालच तुझ्या हातून चमचा पडला.

गोमार : चमचा जड होता. दे रे. तो बारीक, खारीच्या केसांचा. आणि फळी पलंगावर टेकव.

रोम्बाउट : घे. लाल आणि थोडा जाळलेल्या हाडाचा काळा आहे यात.

गोमार : थांब, बोलू नको. ...

रोम्बाउट : मी कोपर धरू का तुझं?

गोमार : नको. हात थांबत नाहीये. उजवा हात हलतोय, मी नाही. तुला माहीत असेल हे कसं होतं.

रोम्बाउट : माहीत आहे.

गोमार : घे हा. तू लाव.

रोम्बाउट : उद्या बघू. आज थकला आहेस. उद्या थरथर कमी असेल.

गोमार : उद्या नाही. तीन वाजायला आले असतील, उजेड आहे तोवर लाव. बोट टेकव आणि सावली टाक. लांब नको, चेरी गोल आहे, सावली तिच्यावरून वाकेल. कडेला पुसट कर.

रोम्बाउट : मला सावली शिकवतोस?

गोमार : फळावरची शिकवतो. गालावरची तुझी तू टाक. ...माझ्या देठाला धक्का लावू नकोस.

रोम्बाउट : नाही लावत.

गोमार : झालं?

रोम्बाउट : झालं. बघ.

गोमार : माइकन, मला उठव जरा. आणखी. ...हं. घेतली त्यानं चेरी.

माइकन : घेतली बाई.

गोमार : कळत नाही ना, कोणाचं कुठं संपतं ते?

रोम्बाउट : मला सांगता येणार नाही.

गोमार : मग झाली दिग्नाची फळी. ठेव ती समोर. आणि त्या अंडीवालीकडून चार अंडी आणा कोणीतरी. मला आज खावंसं वाटतंय.

* * *

रोम्बाउट : पाय सुकले, वहिनी. बोटानं बघितलं. आता फळी नेता येईल. दिग्नाच्या खोलीत कुठं लावायची ठरलंय?

माइकन : पलंगाच्या समोरच्या भिंतीवर. तिची खिडकी भिंतीच्या उजव्या बाजूला येते, मी काल जाऊन बघून आले. थोरल्या बाईही आल्या होत्या बघायला. त्या आता ऐंशीच्या आहेत, त्यांना फार दिसत नाही. म्हणाल्या, प्रार्थनाघरात लावू. दिग्नानं नाही म्हटलं.

रोम्बाउट : नाही म्हटलं?

माइकन : म्हणाली, माझ्या वडिलांनी आणि धर्मबापांनी मला दिलीय, मी माझ्याकडे ठेवणार. फार वर्षांनी हट्ट केला तिनं. मला बरं वाटलं.

रोम्बाउट : मला उचलायला एक हात कमी आहे. खालच्या सुताराला बोलावतो.

माइकन : थांबा. फळी पालथी धरा जरा. पाठीमागं मी लिहिलंय ते बघायचं आहे.

रोम्बाउट : तुम्ही लिहिलंत? तुम्हाला लिहिता येतं?

माइकन : गेल्या उन्हाळ्यात दिग्नानं शिकवलं. वस्तीत लहान मुलींना शिकवते ना ती, त्यांच्या बाकावर मीही जाऊन बसायची. साठाव्या वर्षी. गुडघे बाकाखाली जायचे नाहीत. त्या मुली मला आजी म्हणायच्या आणि माझं चुकलं की खुदखुदायच्या. तुम्ही दोघांनी नावं खाली सही म्हणून घातली नाहीत, म्हटलं आपण तरी लिहून ठेवू. नंतर कोणी विचारलं तर काय सांगायचं दिग्नानं?

रोम्बाउट : गोमारची सही असते ना, टेबलाच्या कडेवर?

माइकन : या फळीवर टेबल नाही. आणि तुम्ही?

रोम्बाउट : मी अकरा वर्षांत सही केलेली नाही. डाव्या हाताची सही कोणीही ओळखली असती.

माइकन : मग आता वाचा. चुकलं असेल तर सांगा. काळ्या रंगानंच लिहिलंय, पुसायला यायचं नाही.

रोम्बाउट : अक्षरं लहान आहेत. माझा चष्मा घरी आहे. तुम्हीच वाचा.

माइकन : हसायचं नाही.

रोम्बाउट : नाही.

माइकन : "फळं गोमारनं काढली. आई आणि बाळ रोम्बाउटनं काढलं, डाव्या हातानं. चेरीवरची सावली दोघांची आहे. आमच्या मुलीसाठी, दिग्नासाठी."

रोम्बाउट : बरोबर आहे. डाव्या हातानं, हे असू दे. खाली आणखी काहीतरी आहे ना?

माइकन : आहे. ते काल लिहिलं. "गोमार सोळाशे चौसष्ट साली, फेब्रुवारीच्या तीन तारखेला, रविवारी सकाळी घंटा वाजत असताना वारला."